भिकू तांडेलाच्या हातचे बोंबील

आमच्या कोळीवाड्यात मासळी पुरुषाने आणायची आणि बाईने उरकायची, अशी वाटणी आहे. होडी काठाला लागली, टोपल्या उतरल्या, की पुरुषाचा मासळीशी संबंध संपला. निवडणं, विकणं, खारवणं, सुकवणं हे सगळं बायकांचं. त्यातही बोंबील वाळत घालणं म्हणजे अगदीच बायकी काम. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी आडव्या बांबूवर टाकायची. सबंध सकाळ हात वर, मान वर, आणि बाह्यांतून पाणी बगलेपर्यंत. बांबूंच्या त्या मांडवाला आम्ही वलांडी म्हणतो. पुरुष वलांडीखालून वाकून जातो, पण बोंबलाला हात लावत नाही. तसं कोणी सांगून ठेवलेलं नाही. लावत नाही, बस्स.

त्या वलांडीखाली मी माझ्या नवऱ्याला उभा केला. भिकू तांडेलाला. ज्याच्या एका शब्दावर खलाशी जाळं टाकायचे आणि एका शब्दावर ओढायचे, ज्याची हाक वाऱ्याच्या तोंडावर दुसऱ्या होडीला ऐकू जायची, त्याला मी बोंबलाची टोपली दिली. नीराबाईचं डोकं फिरलं, असं गाव म्हणालं. म्हणू दे. मी का दिली ते गावाने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आमच्या घरात बोलायला कोणी लाजत नाही.

दिवाळीनंतर म्हातारा पांढरा पडायला लागला. बसल्या जागी धाप, जेवण नको, शौचाला रक्त. हे शेवटचं त्याने लपवलं. मला कळलं ते कपडे धुताना. मग विनेशने, माझ्या मुलाने, गाडी काढली आणि आम्ही अलिबागला गेलो. तिथल्या सर्जननी फोटो काढले, नळी घालून बघितलं आणि सांगितलं, मोठ्या आतड्यात गाठ आहे, कापून काढावी लागेल.

"कधी? उद्या?" विनेशने विचारलं.

"आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटा," सर्जन म्हणाले.

त्या म्हणजे नेत्रा डॉक्टर. माझ्या सुनेच्या, हेमांगीच्या वयाची पोर. पायात पळायचे बूट. मनात म्हटलं, ही काय सांगणार. तिने भिकूला तपासलं, बोटाला चिमटा लावला आणि म्हणाली, "काका, समोरचा जिना चढून दाखवा."

"मी डोलकाठीवर चढलेला माणूस हाय," भिकू म्हणाला.

"मग जिना काय, सहजच."

अर्ध्या जिन्यात त्याने कठडा धरला. छातीतून शिट्टी वाजत होती. खाली आणला तेव्हा ओठ जांभळे पडले होते. डोलकाठीचं नाव त्याने परत काढलं नाही.

नेत्रा डॉक्टरने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि बोलली ती त्याच्याशीच बोलली, आमच्याशी नव्हे. ते मला आवडलं. "काका, गाठ काढणं सर्जनना जमेल. मला काळजी आहे ती त्यानंतरची. तुमची छाती बिडीने भरलीय, रक्त निम्म्यावर आलंय, मांड्या वाळल्यात. अशा माणसाच्या पोटावर काप दिला की दुखतं म्हणून तो खोकत नाही. खोकला नाही की कफ आत साठतो, ताप येतो, मग श्वासाचं मशीन. मशीनवर गेलेला तुमच्यासारखा माणूस परत आणणं फार कठीण. मला चार आठवडे द्या. तुम्हाला तयार करते, मग टेबलावर घेऊ."

"आणि तोवर गाठ वाढली तर?" विनेश म्हणाला.

"एवढ्यात फार फरक पडत नाही. पोट फुगलं, उलट्या लागल्या, रक्त जास्त गेलं, तर त्याच दिवशी घेऊन या, मग थांबायचं नाही. तसं काही नसेल तर थांबण्यात फायदा आहे."

मग तिने काय काय सांगितलं. बिडी आजपासून बंद. रक्तासाठी लोखंडाची सलाईन. अंडी, मासे भरपूर. तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं, त्याची नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा की गोळ्या वर चढतात. रोज चालायचं, धाप लागेपर्यंत, पण बोलता येईल इतपतच. आणि हात डोक्याच्या वर नेऊन काम करायचं, म्हणजे छाती उघडते.

उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तुम्ही मिश्री लावता ना? तीही तंबाखूच."

"माझं ऑपरेशन न्हाय," मी म्हटलं.

ती हसली. दात मात्र छान होते पोरीचे.

गाडीत बसल्याबरोबर विनेश सुरू झाला. "ही बाई वेळ काढतेय. पोटात गाठ हाय आणि सांगते काय, तर गोळ्या फुंका. माझ्या वळखीचा माणूस हाय नवी मुंबईला, मोठं हॉस्पिटल, परवाची तारीख मिळते."

"पावसाळ्यानंतर होडी पाण्यात ढकलतोस ती तशीच ढकलतोस काय?" मी विचारलं. "फटी भरतोस, तेल पाजतोस, मग नेतोस ना? की भोकाबिकासकट नेतोस, घाई हाय म्हणून?"

"होडी येगळी, माणूस येगळा."

"व्हय. होडी दुसरी घेता येते."

भिकू पुढच्या सीटवर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "पोरगी म्हणते ते करू." तेव्हा त्याला जिना आठवत होता. जिना विसरेपर्यंत तो शहाणा होता.

घरी आला आणि ओटीवर खाटेवर पडला. आजारी पुरुषाने ओटीवर खाट टाकून पडायचं आणि गावाने येऊन बघायचं, ही आमची रीत. येणारा बिस्किटाचा पुडा ठेवतो, खाटेशी बसतो आणि म्हणतो, तांडेल, उठू नको, पडून राहा. प्रत्येक जण हेच सांगून गेला. मायेनेच. मी दारात उभी राहून ऐकायची आणि दात आवळायची. त्याच्या होडीवरचा जुना खलाशी सदा आला, तो उशाशी हात घालून गेला. मी उशी उचलली तर खाली बिडीचं बंडल.

"सदा!" मी त्याला रस्त्यातून परत बोलावला. "हे तुझं इथं राह्यलं."

"वयनी, एखादी वढली तर काय व्हतंय? एवढी वर्सं वढतोय."

"म्हणूनच खाटेवर हाय. तू पुढच्या खेपेला येशील तो बिडी न आणता येशील, न्हायतर येऊ नको."

चालायला सांगितलं तर भिकू म्हणे, "कुठं जायचं?"

"कुठंच न्हाय. पुळणीवर जायचं नि परत यायचं."

"परत यायचंय तर जायचं कशाला?"

"डॉक्टरनी सांगितलंय म्हणून."

"त्या बंगलेवाल्यांसारखं? अर्धी चड्डी घालून, हातात कुत्रा धरून? माणूस चालतो तो कामाला चालतो, नीरे. बिनकामाचा चालतो तो येडा."

मी नवऱ्याला अरे-तुरे करते आणि तो मला. आमच्यात चालतं. चालत नसतं तरी मी केलं असतं. तर मी म्हटलं, "मग येडा हो. मेल्यापेक्षा बरा." पण तो हलला नाही. ते गोळ्यांचं यंत्रही त्याला नको. "मी काय जत्रेत बसलोय खेळणी फुंकायला?" एकदा माझ्या समाधानासाठी ओढलं. पहिली गोळी थरथरली, दुसरीने जागा सोडली नाही, तिसरी तर नवी नवरी बसावी तशी बसून राहिली.

पहिला आठवडा असा फुकट गेला. नेत्रा डॉक्टरचे आठवडे माझ्या हातातून वाळूसारखे गळत होते आणि हा माणूस खाटेवर बसून लोकांची बिस्किटं मोजत होता.

मग एके सकाळी आमच्या होडीला बोंबील आला तो टोपल्या पुरेनात इतका. कामाच्या बाया कुणाच्या हळदीला गेलेल्या. घराच्या मागे, खाडीच्या बाजूला आमची मोठी वलांडी आहे, तिथे हेमांगी एकटी हात चालवत होती आणि ऊन चढत होतं. बोंबील तासभर टोपलीत राहिला की पाणी सोडून मऊ पडतो. भिकू मागच्या दारात बसून हे बघत होता. तांडेल झाला तरी आणलेला माल नासताना बघवत नाही कोणाला.

मी त्याच्यापुढे टोपली आदळली. "कुठं जायचं विचारत होतास ना? त्या बांबूपासून ह्या बांबूपर्यंत. जाताना भरून जायचं, येताना भरत यायचं. ऊठ."

"मी?"

"दुसरा भिकू हाय घरात?"

"नीरे, कोणी बघंल."

"मागच्या दाराला खाडी हाय. बगळे बघतील. त्यांना सांगू न्हायतर, कोणाला बोलू नका."

हेमांगी तोंडाला पदर लावून हसायला लागली. भिकूने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं. मग उठला.

जबड्यात जबडा अडकवणं त्याला येत नव्हतं. सारा जन्म ज्याने बोंबील धरला त्याला बोंबलाचं तोंड कसं उघडायचं ते सुनेने शिकवलं. पहिली जोडी टाकली, ती सुटून त्याच्याच डोक्यावर पडली. दुसरी राहिली. त्या दिवशी एक बांबू कसाबसा भरला आणि मटकन बसला. पण बसून बोलत होता, शिव्या देत होता. धाप होती आणि बोलणंही होतं. नेत्रा डॉक्टरने सांगितलेलं माप ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी बोलवायला गेले नाही. तोच आला. टोपली ओढताना सवयीने होडीवरच्यासारखा ओरडला, "खेच रं खेच!" हेमांगी म्हणाली, "बाबा, मी खलाशी न्हाय, सून हाय." तर म्हणतो, "वलांडीवर सगळे खलाशी. तांडेल ती उभी हाय बघ, कंबरेवर हात ठेवून." मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

दिवसामागून दिवस बांबू वाढत गेले. हात वर, छाती उघडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. दुपारी भाकरी, अंड्याचा रस्सा आणि वर ताजा मासा. मध्ये एकदा अलिबागला जाऊन सलाईन घेऊन आला. ओठांना रंग आला. संध्याकाळी स्वतःहून ते यंत्र मागायचा. दुसरी गोळी वर चढली त्या दिवशी त्याने हेमांगीला हाक मारली, मला नाही. मला दाखवायला मान आड आला असेल. मी भिंतीआडून बघितलं. गोळी वर होती आणि म्हाताऱ्याचे डोळे बाहेर आले होते, पण गोळी वर होती.

मग मागची वलांडी भरली. नवा माल आला तो पुढच्या वलांडीवर टाकायचा होता. ती घरासमोर, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून.

हेमांगी हळूच म्हणाली, "आई, बाबांना मागंच राहू दे. पुढं मी एकटी करते. ह्यांची निवडणूक हाय."

विनेश मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनकीला उभा होता. समोर काळूराम.

"त्याने चोरी केलीय काय मागं लपायला?" मी म्हटलं. "मेहनत करतोय. मी नीराबाई, माझ्या घरात झाकून ठेवण्यासारखं काय हाय?"

आणि मी त्याला पुढे उभा केला. भर सकाळी. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

रस्त्याने जाणारे पुरुष आधी थांबले, मग दुसरीकडे बघत गेले. बायकांनी नळावर तोंडं उघडली. "नीराकाकीने तांडेलाला आता लुगडंच नेसवायचं बाकी ठेवलंय," असं एक जण म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला पाठव, नेसवून बघते कोणाला शोभतं ते." पण काळूरामाच्या माणसांनी मोबाईलवर चित्र काढलं. भिकू, हात वर, तोंडात धरलेला श्वास, आणि शेजारी कंबरेवर हात ठेवून मी. कोळीवाड्याच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ज्याचा बाप घरात बायकांच्या हाताखाली, तो सोसायटी काय चालवणार.

दुपारी विनेशची गाडी दारात करकचून थांबली. बरोबर त्याचे दोन मित्र. भिकू बांबूच्या शेवटाला होता, हातात एक जोडी.

"बाबा, खाली ठेवा ते."

"ह्यो बांबू भरायचा हाय," भिकू म्हणाला.

"आये, तुला लाज वाटते का गो? सगळा गाव हसतोय."

"हसू दे. हसायला छाती लागते. त्यांची चांगली हाय, तुझ्या बापाची बनवतेय."

"पोटात गाठ हाय त्यांच्या! आणि तू त्यांच्याकडनं बोंबील टांगून घेतेस! मी येतो-जातो तिथं लोकं विचारतात, घरात बाया मेल्या काय? त्यांना काय झालं तर म्हणतील पोराने बापाला राबवून मारला."

"आणि खाटेवर मेला तर म्हणतील पोराने सेवा केली. तेवढंच पाहिजे ना तुला?"

"मला ते जिवंत पाहिजेत!" विनेश ओरडला, आणि त्याचा आवाज चिरकला. माझं पोर आहे, मला कळतं. घाबरला होता तो. निवडणूक होती, लाज होती, पण खाली भीतीही होती, रोज रात्री गाठ वाढताना बघत असल्यासारखी. "आत्ताच नेतोय मी त्यांना नवी मुंबईला. बोलणं झालंय. परवा ऑपरेशन."

"डॉक्टरचे दिवस अजून पुरे झाले न्हायत."

"मला न्हाय मोजायचे तुझे दिवस."

मी भिकूकडे बघितलं. सगळेच बघत होते. आता त्याने बोलायचं होतं. होडीवर वादळात वीस माणसं ओरडत असली तरी शेवटचा शब्द ह्याचा. तो हातातल्या जोडीकडे बघत राहिला. मग विनेशच्या मित्रांकडे बघितलं. त्यातला एक सदाचा मुलगा, तो खाली मान घालून पायाने वाळू उकरत होता. भिकूने जोडी बांबूवर टाकली नाही. टोपलीत परत ठेवली. हात सदऱ्याला पुसले.

"नीरे, पुरे आता," तो म्हणाला. "मी तांडेल हाय."

"तांडेल होडीवर. इथं तू आजारी माणूस हायस. बरं होईस्तोवर."

"पुरे म्हटलं ना."

आणि घरात गेला, सदरा बदलायला. अंगणातून ओटीवर, ओटीवरून आत, मग परत बाहेर येऊन गाडीपर्यंत, विनेशशी बोलत बोलत. त्याला धाप लागली नाही. हे विनेशने पाहिलं नाही, त्याच्या मित्रांनी पाहिलं नाही, भिकूच्याही ध्यानात आलं नाही. मी पाहिलं. हेमांगीने पाहिलं. बायकांनी पाहिलेलं कशात धरतात?

जाताना मी ते गोळ्यांचं यंत्र पिशवीत घातलं. विनेशने काढून ठेवलं. "तिथं मशिनी हायेत चांगल्या."

होत्या. त्या मी नंतर पाहिल्या.

नवी मुंबईच्या हॉस्पिटलात काचेचे दरवाजे आपोआप उघडतात. तिथल्या डॉक्टरांनी विनेशला बाजूला घेऊन सांगितलं, की वय बघता, छाती बघता धोका जास्त आहे. मी शेजारीच होते. तोच धोका, जो नेत्रा डॉक्टरने सांगितला होता. फक्त तिने त्यावर काहीतरी करायला सांगितलं होतं, इथे सही करायला सांगितली. विनेशने केली. मी हेमांगीला म्हटलं, अलिबागच्या डॉक्टरला फोन लाव. ती फोन घेऊन नवऱ्याकडे बघत राहिली. तिचंही बरोबर. तिला त्या घरात नांदायचं होतं.

ऑपरेशन झालं. सर्जन हसत बाहेर आले. "गाठ पूर्ण निघाली, कुठे पसरलेली नाही." विनेशने तिथेच पेढे मागवले आणि मलाही दिला. मी खाल्ला. आई आहे, हातात दिलेला पेढा टाकता येत नाही.

तिसऱ्या दिवशी ताप आला. नर्स सांगत होती, काका खोका, जोरात खोका. तो पोटाला उशी दाबून माझ्याकडे बघायचा आणि खोकायचा नाही. दुखत होतं. मी म्हटलं, "खेच रं खेच, भिकू," तर डोळ्यांतून पाणी आलं, पण छातीतून काही आलं नाही. मग मशीन. तोंडात नळी, मग गळ्याला भोक पाडून नळी. काचेबाहेर बसून मी किती चहा प्याले ते देवाला ठाऊक. आतला माणूस रोज थोडा थोडा कमी होत होता. आधी दंड गेले, मग मांड्या. वलांडीखाली महत्प्रयासाने कमावलेलं सगळं त्या गादीने खाल्लं.

घरी आणला तेव्हा फुलं टाकून आणला. विनेशने बॅनर लावला होता. तोवर तो चेअरमन झाला होता. ओटीवर नवी खाट, डोक्यावर पंखा, मागे भिंतीवर भिकूचा होडीवरचा मोठा फोटो. लोक आले, खाटेशी बसले. "वाचला तांडेल. विनेशने वाचवला." पडून राहा असं सांगायची आता कोणाला गरज पडली नाही.

वाचला, हे खरं. गाठही गेली, तेही खरं. पण वाचला म्हणजे काय, ते दिवसातून दहादा गळ्यातली नळी साफ करणाऱ्या हाताला विचारा. त्याच्या मांडीभोवती माझा हात पुरून उरतो. कूस बदलायची तर मी आणि हेमांगी दोघी लागतो. आणि हाक गेली. दुसऱ्या होडीला ऐकू जाणारी ती हाक आता खाटेवरून माझ्यापर्यंत येत नाही. नुसती हवा येते, भोकातून, सूं करून.

नळी बदलायला अलिबागला नेतो. एकदा नेत्रा डॉक्टर दिसली. तेच बूट. तिने भिकूचा हात हातात घेतला, बराच वेळ धरला. मी तिला बाहेर गाठली.

"डॉक्टर, तुझे चार आठवडे पुरे झाले असते, तर हा चालत घरी आला असता ना?"

ती म्हणाली, "मावशी, सांगता येत नाही. कदाचित तरीही असंच झालं असतं. शक्यता कमी झाली असती, एवढंच मी म्हणू शकते."

मला राग आला. मला हो पाहिजे होतं. ते हो मी घरी नेऊन विनेशच्या पुढ्यात आदळलं असतं. पण ती पोर माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलली नाही. गावात मला तसं कोणी सापडत नाही, म्हणून मी तिला आणखी काही बोलले नाही.

परवा पुन्हा बोंबील आला. पुढच्या वलांडीवर मी आणि हेमांगी. भिकू ओटीवरून बघत होता. नुसता बघत नव्हता, बोटं हलत होती, चादरीवर. मी टोपली खाली ठेवली.

"हेमांगे, खाटेला हात लाव."

"आई, ऊन हाय. आणि हे आत्ता येतील."

"येऊ दे."

दोघींनी खाट अंगणात ओढली, वलांडीखाली, रस्त्याच्या बाजूला. पाठीशी दोन उशा दिल्या. मांडीवर टोपली ठेवली. त्याने एक बोंबील उचलला, सांडला, पुन्हा उचलला. जबडा उघडायला बराच वेळ लागला. मग दुसरा. मग अडकवले. जोडी हातात धरून त्याने वर बांबूकडे बघितलं. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

मी पुढे होणार, एवढ्यात विनेश आला. सोसायटीची मीटिंग आटोपून, पांढऱ्या शर्टात. फाटकातच थबकला.

"आये, परत?"

मी काही बोलायच्या आत भिकूने ती जोडी त्याच्याकडे धरली. बोंबलाचं पाणी चादरीवर ठिबकत होतं. तोंड हललं. शब्द नाही, सूं.

"काय म्हणतायत?" विनेशने मला विचारलं.

"बापाचा हात पोचत न्हाय. वर टाक, म्हणतोय."

विनेश उभा राहिला. मग रस्त्याकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. तो पुढे आला, दोन बोटांनी जोडी घेतली, शर्ट सांभाळत, रस्त्याला पाठ करून, आणि बांबूवर टाकली. भिकूने मान हलवली. चांगली टाकली, अशी. विनेशचा चेहरा क्षणभर लहानपणी होता तसा झाला. हे मी पाहिलं, म्हणून सांगते. भिकूने दुसरी जोडी केली आणि वर धरली.

तेवढ्यात बंदराकडून मोटरसायकलचा आवाज आला. विनेशने खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि "हां, बोला, बोला" करत घरात गेला. फोन वाजला नव्हता.

भिकूचा हात तसाच पुढे होता. मी त्याच्या हातातली जोडी घेतली आणि बांबूवर टाकली. मोटरसायकलवाला हळू झाला, बघून गेला. मी कंबरेवर हात ठेवून त्याला पुरतं बघू दिलं.

वळले तोवर भिकूने पुढची जोडी अडकवली होती.